सातशे वीस गुणांत न विचारलेला प्रश्न

२४ फेब्रुवारी १८८३. श्रीरामपूरच्या कॉलेजचं सभागृह. श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं, हुगळीकाठचं. व्यासपीठावर उभी असलेली मुलगी मूळची कल्याणची. तिला अठरावं पूर्ण व्हायला अजून महिनाभर अवकाश आहे. नवरा तिथल्या पोस्टात नोकरीला. ही बाई डॉक्टरकी शिकायला एकटी अमेरिकेला निघाली आहे, ही बातमी फुटल्यापासून लोकांनी तिला प्रश्नांनी भंडावून सोडलंय. शेवटी तिने ते सगळे प्रश्न गोळा केले, त्यांचे सहा केले आणि भर सभेत इंग्रजीतून एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्याही बाईने केलं नाही ते तूच का करतेस?

ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिच्यावर कादंबरी झाली, नाटक झालं, सिनेमा झाला. पण या साऱ्या कथेत एक बाब नेहमी मागे पडते. एखाद्याला डॉक्टर का व्हायचंय, हे जाहीरपणे विचारलं गेलं आणि त्याला जाहीरपणे उत्तर मिळालं, असा प्रसंग वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर फार क्वचित येतो. आनंदीबाईंच्या वाट्याला तो समाजाच्या कुत्सितपणामुळे आला, एवढंच.

आज वैद्यकीय शिक्षणाच्या दारात उभी राहणारी मुलंमुलीही नेमकी याच वयाची असतात. सतरा, अठरा. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता ती ‘नीट’ या परीक्षेला बसतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला, हातात पाण्याची पारदर्शक बाटली, खिशात काही नाही. पेनसुद्धा केंद्रावरच मिळतं. समोर १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एकूण ७२०. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हा प्रश्न त्यात नाही. तो आधीच्या अर्जात नसतो आणि नंतरच्या प्रवेशफेऱ्यांतही नसतो. परीक्षेच्या नावाची गंमतच आहे. नीट बस, नीट लिही, नीट वाग, असं बालपणापासून ऐकत आलेल्या मराठी पोरांना आता ‘नीट’ने हेच सांगितलंय. कशासाठी, ते तेवढं विचारलेलं नाही.

२०२५ साली ही परीक्षा २२ लाखांहून जास्त मुलांनी दिली. त्यातली १२ लाखांहून जास्त ‘पात्र’ ठरली. आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या घरात. नातेवाइकांचा गोंधळ होतो तो इथेच. ‘आमची मुलगी नीट पास झाली’ असं कौतुकाने सांगितलं जातं, पेढे वाटले जातात आणि ऑगस्टमध्ये कळतं की पास होणं आणि नंबर लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खुल्या गटात पात्रतेची रेष पन्नासाव्या पर्सेंटाइलला असते, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मी मुलं ती ओलांडतातच. त्यातली बहुतेक मग दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या यादीत आपलं नाव शोधतात, खासगी महाविद्यालयांच्या शुल्काची चौकशी करतात, जॉर्जिया-किर्गिझस्तानच्या एजंटांचे फोन घेतात किंवा ‘रिपीट’ करतात. परदेशात एमबीबीएस करायचं तरी २०१८ पासून ‘नीट’ची पात्रता लागतेच.

तयारी कशी होते, ते पाहायचं तर लातूरला जावं. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याची ही गत असली तरी विद्यार्थ्यांचा ओघ कधी आटलेला नाही. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मुळात बोर्डाच्या परीक्षांमुळे पडलं. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा संस्थांतल्या प्राध्यापकांनी सराव परीक्षांचा असा रेटा लावला की गुणवत्ता यादीत मराठवाड्याची नावं दिसू लागली आणि पुण्या-मुंबईच्या भुवया उंचावल्या. पुढे सीईटी आली, तिच्यामागून ‘नीट’ आली. पॅटर्नने कूस बदलली. आज लातुरात शिकवणी वर्गांचा एक अख्खा परिसरच आहे. लोक त्याला सरळ ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. वसतिगृहं, मेस, झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका, डबेवाल्या मावशी, सारं काही एका परीक्षेभोवती फिरतं. कित्येक घरांत आई दोन वर्षं खोली करून लेकराजवळ राहते आणि वडील गावाकडे शेत किंवा दुकान सांभाळतात. संसाराची अशी फाळणी खेड्यापाड्यांतून आता कुणाला नवलाची वाटत नाही.

इथल्या अभ्यासाचं तंत्र बाहेरून वाटतं तितकं गूढ नाही. जीवशास्त्राचे ३६० गुण, म्हणजे निम्मा पेपर. तो अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या दोन पुस्तकांवर उभा असतो. म्हणून ती पुस्तकं ओळ न् ओळ वाचायची. आकृतीखालची बारीक टीपसुद्धा सोडायची नाही. मुलं ही पुस्तकं इतक्यांदा वाचतात की शेवटी पानाचा डावा कोपरा की उजवा, तेही डोळ्यांपुढे येतं. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना इथे पहिली अडचण येते. वर्गात एक पुस्तक आणि परीक्षेला दुसरं, अशी दोन घोडी एकाच वेळी हाकावी लागतात. भौतिकशास्त्राचं दुखणं वेगळं. तिथे पाठांतर चालत नाही आणि वेळ मात्र तिथेच जातो. त्यामुळे बहुतेक शिक्षक सांगतात की जीवशास्त्र पाऊण तासात उरकायचं आणि वाचलेली मिनिटं भौतिकशास्त्राला द्यायची. जीवशास्त्रात ज्याला रस आहे, त्याने ते पळत पळत सोडवायचं, असा हा उलटा न्याय.

मग टेस्ट सिरीज. दर आठवड्याला एक, शेवटच्या महिन्यांत दिवसाआड. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करण्याचाही सराव लागतो, कारण एक गोळा पुढेमागे झाला की खालचे सगळे घसरतात. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो म्हणजे प्रत्यक्षात फरक पाच गुणांचा पडतो. मिळू शकणारे चार गेले आणि वर एक दंड. त्यामुळे येत नसलेला प्रश्न सोडून देण्याचं धैर्य हेही तयारीचाच भाग ठरतं. वर्गमित्रांच्या बोलण्यात नावापेक्षा आकडा आधी येतो. तो सहाशे वीसवाला, ती पाचशे ऐंशीवाली.

मराठीतून प्रश्नपत्रिका मिळते. ‘नीट’ १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. पण ती घेणारे अगदी थोडे. कारण सरळ आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचं विज्ञान जवळजवळ सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवलं जातं. दहावीपर्यंत ‘पेशी’ आणि ‘केंद्रक’ म्हणणारं पोरगं अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ‘सेल’ आणि ‘न्यूक्लिअस’वर उडी मारतं आणि पुन्हा मागे येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलांचे पहिले चार-सहा महिने विज्ञानापेक्षा इंग्रजी वाक्याशी झुंजण्यातच जातात, हे तिथले शिक्षक खासगीत मान्य करतात.

या तयारीला दुसरी बाजूही आहे. शिकवण्यांचं देशातलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे राजस्थानातलं कोटा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. सरकारी कागदावरची ही एक ओळ पुरेशी बोलकी आहे.

त्यात परीक्षेचाच भरवसा डळमळला की मुलांच्या पायाखालची जमीन सरकते. २०२४ साली ४ जूनला निकाल लागला आणि ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडल्याचं दिसलं. वाढीव गुणांचा घोळ, पेपरफुटीचा तपास, १,५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी. अखेर २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले १७ उरले. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्र इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. एका वर्षी ७२० पडूनही पहिल्या क्रमांकासाठी गर्दी, दुसऱ्या वर्षी ६८६ ला देशात पहिला. गुणांचा आकडा किती हवेत तरंगत असतो, ते यातून कळतं. पण घरातल्या भिंतीवर चिकटवलेलं ‘टार्गेट’ दोन्ही वर्षी तेच होतं.

आता मूळ प्रश्न. हे सगळं कशासाठी? आणि कुणासाठी?

सतरा वर्षांच्या मुलाला विचारलं की उत्तर तयार असतं: ‘लोकांची सेवा करायचीय.’ दहावीच्या निकालानंतर वर्तमानपत्रात छापून येणारं हे वाक्य इतकं घासलं गेलंय की त्याला आता धार उरलेली नाही. जरा खोलात गेलं की खरी कारणं निघतात. घरात कुणी तरी वेळेवर उपचार न मिळाल्याने गेलेलं असतं. मामा डॉक्टर असतो आणि त्याच्या घरासमोर गाडी असते. गणित आवडत नाही म्हणून इंजिनीअरिंग कटाप झालेलं असतं. आणि अनेकदा आईवडिलांची इच्छा असते, जी मुलाने इतक्यांदा ऐकलेली असते की ती आपलीच वाटू लागते.

उसनं स्वप्न म्हणून याला नाक मुरडणं सोपं आहे. पण आनंदीबाईंकडे पुन्हा पाहा. गोपाळराव जोशांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना कोल्हापुरातून पत्र लिहिलं ते १८७८ साली. तेव्हा आनंदी तेरा वर्षांची होती. तिला शिकवायचं, हा हट्ट आधी त्यांचा होता, आणि तो हट्ट किती जाचक होता हे तिच्या चरित्रकारांनी लपवलेलं नाही. वाइल्डर यांनी ती पत्रं आपल्या नियतकालिकात छापली, वर धर्मांतराचा सल्लाही दिला. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात तो अंक आला तो दंतवैद्याकडे बसल्या असताना. त्यांनी हिंदुस्थानातल्या या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं आणि कार्पेंटरमावशी व आनंदी यांचं नातं जुळलं. मधल्या काळात आनंदीला मुलगा झाला होता. तो दहाच दिवस जगला. ती चौदा वर्षांची होती. नवऱ्याने डोक्यात घातलेलं शिक्षण कधी तिचं स्वतःचं झालं, याची तारीख सांगता येत नाही. पण १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या सभागृहात जे उत्तर दिलं गेलं ते गोपाळरावांचं नव्हतं. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नाहीत, त्यांना बाई डॉक्टर हवी आणि ती उणीव भरून काढायला आपण निघालो आहोत, असं तिने सांगितलं. मद्रासला मुलींना वैद्यकाच्या वर्गात प्रवेश मिळत होता, पण तिथलं शिक्षण तिला अपुरं वाटत होतं, हेही सांगितलं. प्रवासखर्चासाठी तिने अंगावरचे दागिने विकले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, गोपाळराव धक्क्यावरच राहिले. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली.

म्हणजे प्रेरणा उसनी असणं हा दोष नाही. ती पुढे स्वतःची होते की नाही, एवढाच सवाल. ती तशी होतेय का, हे तपासायची जागा मात्र आपल्या व्यवस्थेत उरलेली नाही. एकेकाळी ती थोडी तरी होती, आणि त्यातली एक तर आपल्या वर्ध्यात होती.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या जोडीला गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. देशभरातली मुलं जीवशास्त्राच्या पुस्तकाशेजारी गांधींची पुस्तकं ठेवून अभ्यास करत. यात पाठांतर नव्हतं असं नाही. सेवाग्रामची सीट हवी म्हणून चरख्यावर निबंध पाठ करणारेही असणारच. तरीही जो मुलगा हा पेपर द्यायचा, त्याला निदान एवढं कळायचं की आपण जिथे चाललोय तिथे खादी घालावी लागेल, श्रमदान करावं लागेल, पहिले पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात काढावे लागतील आणि एक खेडं आपल्या तुकडीच्या नावावर येईल. पदव्युत्तर जागा तिथेच हवी तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात काम करावं लागेल. अभ्यासक्रमाआधीच त्याला त्याच्या किमतीची यादी वाचून दाखवली जायची.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणखी पुढे गेलेलं होतं. त्या संस्थेच्या मुळाशीच एक ‘का’ आहे. मिशनरी डॉक्टरांच्या घरातली आयडा स्कडर ही अमेरिकन तरुणी तमिळ मुलखात वडिलांकडे आलेली असताना एका रात्री तीन पुरुष एकामागून एक दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. घरातले डॉक्टर, म्हणजे आयडाचे वडील, पुरुष आहेत म्हटल्यावर तिघेही परत गेले. सकाळपर्यंत तिघीही गेल्या होत्या. तोवर भारतात राहायचं नाही असं ठरवलेली आयडा अमेरिकेला परतली ती वैद्यक शिकायला, आणि १९०० साली डॉक्टर होऊन इथे आली. १९१८ मध्ये तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आनंदीबाईंनी श्रीरामपूरला मांडलेली उणीव आणि आयडाच्या दारात आलेली उणीव एकच होती, हे इथे सहज लक्षात यावं.

तर या संस्थेत प्रवेशासाठी लेखी परीक्षेनंतर मुलाखती होत. मुलं इतरांबरोबर कशी वागतात, तेही पाहिलं जाई. मिशनच्या रुग्णालयांत दोन वर्षं काम करायची तयारी लागे. ‘नीट’ सक्तीची झाल्यावर संस्थेने ही पद्धत सोडायला नकार दिला. २०१७ साली एमबीबीएसच्या १०० जागांपैकी एकच भरली आणि ९९ रिकाम्या ठेवल्या. देशात लाखो मुलं एकेका जागेसाठी झुरत असताना ९९ जागा रिकाम्या ठेवणं कुणाला हटवादीपणा वाटेल, कुणाला तत्त्व. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० ला निकाल दिला की अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ लागू आहे. सेवाग्रामचा गांधीविचारांचा पेपर त्याआधीच बंद झाला होता.

न्यायालयाला तरी का दोष द्यावा? ‘नीट’च्या आधी काय होतं, ते आठवणारी पिढी अजून आहे. एकेका संस्थेची वेगळी परीक्षा, प्रत्येकीचा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क आणि देशभर रेल्वेच्या फेऱ्या. ‘डोनेशन’ हा शब्द तर मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात याच काळात रुळला. मध्य प्रदेशात व्यापमं घोटाळ्यात तोतये परीक्षेला बसवले गेले. अशा देशात मुलाखतीचे गुण ठेवले तर ते कुणाला मिळतील, हे सांगायला ज्योतिषी नको. बोलका, शहरी, डॉक्टरांच्या घरातला मुलगा ‘सेवा’ हा शब्द शेतमजुराच्या मुलीपेक्षा गोड उच्चारेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर तोडगा म्हणून एका लांब मुलाखतीऐवजी वेगवेगळ्या परीक्षकांपुढे आठ-दहा मिनिटांच्या छोट्या मुलाखतींची साखळी सुरू केली. त्याबद्दलचा त्यांचा शोधनिबंध २००४ साली आला आणि ही पद्धत अनेक देशांत पसरली. पण तिथे जागा शेकड्यांत आणि उमेदवार हजारांत. इथे २२ लाख. ओएमआर पत्रिकेला चेहरा दिसत नाही, आडनाव ऐकू येत नाही, हा तिचा गुणच आहे. मराठवाड्यातल्या ज्या मुलीच्या घरात कुणी डॉक्टर नाही, तिला या आंधळेपणाचाच आधार आहे.

मग ‘का’ विचारायचं कुणी? घरातल्यांनी, आणि वेळेत. त्यासाठी थोडा हिशेब समोर ठेवावा लागतो. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडलं की एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाही तर दहा लाखांचा दंड. त्यापुढे पदव्युत्तरची परीक्षा, जी पहिल्या फटक्यात हवी तशी सुटेल याची खात्री नाही, आणि मग आणखी तीन वर्षं. अठराव्या वर्षी सुरू झालेली वाट तिशीच्या आसपास पोटापाण्याला लागते. बारावीच्या मुलाला हे आकडे कुणी तरी शांतपणे सांगायला हवेत, भीती घालण्यासाठी नव्हे. दहावीनंतरच्या सुट्टीत गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार दिवस नुसतं बसून पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं. केसपेपरची रांग, लस देताना रडणारी पोरं, आशाताईंची धावपळ, विंचू चावलेला माणूस, आणि दुपारी तीन वाजताची ती कंटाळवाणी शांतता. डॉक्टरकीत हा कंटाळाही असतो, हे टीव्हीवरच्या मालिका सांगत नाहीत. एखाद्या इंटर्नशी अर्धा तास बोललं तर त्याहून जास्त कळेल. फक्त त्याला आधी झोप मिळालेली असावी.

व्यवस्थेनेही हा प्रश्न अगदी टाकून दिलाय असं नाही. तिने तो प्रवेशानंतर ढकललाय. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तास आले. पुढे ‘कुटुंब दत्तक’ योजना आली. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं नेमून घ्यायची आणि त्यांच्या प्रकृतीचा माग ठेवायचा. काही ठिकाणी ही योजना मनापासून चालते. काही ठिकाणी बस येते, फोटो निघतात, बस जाते. त्याआधी शवविच्छेदनाचा हॉल असतो. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असताना मुलं देहदान केलेल्या माणसासमोर शपथ घेतात आणि चौरसियांचं शरीररचनेचं पुस्तक उघडतात. ज्या जीवशास्त्रात ३६० पैकी साडेतीनशे पडले होते ते आता टेबलावर आहे आणि त्याला पर्याय क्रमांक चार नाही.

‘का’चं उत्तर पदवीच्या अलीकडे-पलीकडेच सापडलेल्यांची महाराष्ट्रात उणीव नाही. अभय बंग सांगतात त्याप्रमाणे त्यांचं ठरलं शाळकरी वयात, वर्ध्याजवळ थोरल्या भावाबरोबर सायकलवर असताना. एकाने शेती सुधारायची, दुसऱ्याने आरोग्य. दोघांनी तसंच केलं. प्रकाश आमट्यांना भामरागडच्या जंगलातल्या माडिया वस्त्या दिसल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या काळात वडील बाबा आमटे यांच्याबरोबर गेले तेव्हा. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाचं काम सुरू झालं. रवींद्र कोल्हे यांची गोष्ट या विषयाला सगळ्यात जवळची. नागपूरहून एमबीबीएस होऊन ते १९८५ च्या सुमारास मेळघाटातल्या बैरागडला गेले, जिथे पोचायला तेव्हा चाळीसेक किलोमीटर चालावं लागे. प्रेरणा भरपूर होती, डेव्हिड वर्नर यांचं डॉक्टर नसलेल्या गावांसाठीचं प्रसिद्ध पुस्तकही वाचलेलं होतं. मग स्फोटात हात गमावलेला एक माणूस समोर आला आणि त्याच्यासाठी आपल्याला पुरेसं काही येत नाही, हे त्यांना कळलं. ते परत गेले, एमडी झाले आणि पुन्हा बैरागडला आले. प्रेरणा आधी, तयारी नंतर, असाही क्रम असतो. लातूरच्या वेळापत्रकात त्याचा रकाना नाही.

आनंदीबाईंचा क्रम त्याहून वेडावाकडा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या थंडीची, खाण्यापिण्याची, प्रकृतीची कसलीच तयारी झालेली नव्हती. तीन वर्षांत क्षयाने शरीर पोखरलं. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई सभागृहात होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जागा त्यांची वाट पाहत होती. तिथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. बाविसावं पुरं व्हायचं होतं.

पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला होता. विषय त्यांनी निवडला होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं मूल गमावलेल्या मुलीने विसाव्या वर्षी लिहिलेली ती पानं बाळंतिणीची आणि नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी, याबद्दलची आहेत.